सरांचा सल्ला

शाळेतले खेळाचे सर आमच्या घरी जेवले, तेव्हा भाकरी आणि वांग्याची भाजी मीच केली होती. आज आठवलं की वाटतं, मीठ मूठभर जास्त टाकायला पाहिजे होतं.

जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. मी दहावीत होते आणि खो-खोत पळतीला पहिल्या तुकडीत असायची. जिल्ह्यात जिंकून आमचा संघ औरंगाबादला विभागीय सामन्यांना निघाला होता. तिथून राज्याच्या संघात निवड होते, हे सरांनीच माझ्या डोक्यात भरवलेलं. मला तेवढं एकच पाहिजे होतं.

घरात मात्र काही ठरेना. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेले दिवस, एसटी कुठे अडवतील याचा नेम नाही. माय म्हणायची, "तरण्या पोरीला चार दिस बाहेर ठिवायचं व्हय?" माझे वडील, म्हणजे आबा, नुसते तंबाखू मळत बसायचे. शेवटी मीच सरांना गाठलं. "सर, आबांना तुम्ही समजावा. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत."

"मी आहे ना," सर म्हणाले. "येतो रविवारी."

आले. पोटभर जेवले. मग आबांनीच विषय काढला. "गुरुजी, आमी अडाणी माणसं. तुमी रोज पोरीला बघायलात. धाडावं का न्हाई, तुमीच सांगा. तुमी धाड म्हणलात तर मी धाडतो."

आत मी भांडी सोडून जिवाचा कान करून उभी होते. झालंच माझं काम, असं वाटून हसूसुद्धा आलं.

सर सुपारी कातरत म्हणाले, "पोरगी लाखात एक आहे. काटक आहे, दमाची आहे, दोन वर्षांत कधी आजारी पडली नाही. म्हणून तर आलो. माझ्या बहिणीचा मुलगा सेलूला नोकरीला लागलाय. घरी शेती आहे, अशीच मुलगी पाहिजे त्यांना. खेळाचं काय, चार दिवसांचं कौतुक. स्थळ परत येतं का?"

"आन् सामने?" हे मायनं विचारलं. मायनं!

"लग्न ठरलेल्या मुलीनं बाहेरगावी फिरणं बरं दिसत नाही."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दोन वर्षं मला वाटत होतं, सर शिट्टी धरून माझी पळती बघतायत. ते बहिणीसाठी सून बघत होते.

आबांवर मला रागावता आलं नाही. पोरीबाबत अवघड काही आलं की शिकलेल्या माणसाच्या पदरात टाकायचं आणि तो सांगेल ते करायचं, अशी आमच्याकडची रीत. त्या शिकलेल्या माणसाच्या नात्यात लग्नाचं पोरगं आहे का, हे आधी विचारायची रीत नव्हती. पुढच्याच आठवड्यात माझा साखरपुडा झाला आणि संघ माझ्याशिवाय गेला.

उन्हाळ्यात लग्न लागलं. सर आता माझे मामेसासरे. आम्ही जोडीनं त्यांच्या पायांवर वाकलो. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून हळहळत म्हणाले, "औरंगाबादला पहिल्याच सामन्यात हरलो गं. पळायला कुणीच नव्हतं."