बोरीच्या वाळवंटातली नागकन्या

वनाशेठनं प्रमिलाबाईला कामावर ठेवलं ते स्वयंपाकासाठी. खानदेशातल्या जत्रा धरून त्याचा खेळ फिरायचा. पाच पायांचं वासरू, बरणीत घातलेलं दोन तोंडांचं कोकरू आणि शेवटच्या तंबूत नागकन्या. खेळातल्या माणसांना दोन वेळा रांधून घालायचं, एवढंच प्रमिलाबाईचं काम. जळगावच्या एका डाळमिलमध्ये तिच्या नवऱ्याचा, छगनचा, हात पट्ट्यात सापडला होता. तो दोन्ही पोरींना घेऊन घरी बसला आणि ती बाहेर पडली. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

नागकन्या म्हणजे वनाशेठची मेहुणी. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि शेवटचा तंबू रिकामा पडला.

"नुसतं बसायचंय," वनाशेठ प्रमिलाबाईला म्हणाला. "तोंडाला रंग असतो. सख्खा भाऊ समोर आला तरी ओळखणार नाही."

बसायचं ते एका खोक्यात. खोक्याला वर भोक होतं, त्यातून मान बाहेर काढायची. खाली ती स्टुलावर बसे आणि वर मानेभोवती कापडी नागाचं वेटोळं असे, आत कापूस ठासलेला, वर धुळ्याच्या पेंटरनं रंगवलेले खवले. वनाशेठ भोंग्यावर सांगे, तोरणमाळच्या दरीत सापडलेली, अर्धी बाई, अर्धा नाग. कोणी काही विचारलं की प्रमिलाबाईनं त्यानं शिकवल्याप्रमाणे पुस्तकी भाषेत बोलायचं. माहेर कुठलं? पाताळ. हे असं कशानं झालं? आईबापाचा शब्द मोडला म्हणून. खातेस काय? फक्त दूध.

पहिले काही दिवस तिला हसू आवरायचं नाही. मग एका जत्रेत एक म्हातारा रांगेतून पुढे आला, त्यानं पागोटं काढलं आणि खोक्याच्या कडेला डोकं टेकलं. आत, अंधारात, प्रमिलाबाईनं आपले पाय आखडून घेतले. ते पाय त्याच्या कपाळापासून हातभरही लांब नव्हते. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढे जळगावच्या एका साप्ताहिकाचा माणूस कॅमेरा घेऊन आला. वनाशेठनं त्याला चहा पाजला, तोरणमाळची कहाणी ऐकवली. आठवड्यानं फोटोसकट बातमी छापून आली, 'सातपुड्यात सापडला अर्धी स्त्री, अर्धा नाग असा प्राणी. शास्त्रज्ञ चक्रावले.' शास्त्रज्ञ कोणी फिरकलाच नव्हता. वनाशेठनं बातमी पुठ्ठ्यावर चिकटवून तंबूबाहेर टांगली. प्रमिलाबाईला वाचता येत होतं. 'प्राणी' हा शब्द तिनं पुन्हा पुन्हा वाचला आणि जाता-येता त्या पुठ्ठ्याकडे बघायचं टाळू लागली.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली नाही. आखाजीला खानदेशातली लेक माहेरी येतेच. गावोगाव झाडांना झोके बांधलेले असतात, पोरी-बाया गाणी म्हणत असतात. पारोळ्याजवळच्या तिच्या गावात तिची आई, झुंबरबाई, एकटीच होती. प्रमिलाबाईनं छगनकरवी निरोप धाडला, जळगावात एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागलेय, सुट्टी मिळत नाही.

आखाजीनंतर लगेच अमळनेरची जत्रा. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात तंबू लागले. बातमीमुळे शेवटच्या तंबूपुढची रांग वाळूत लांबवर जायची.

एका दुपारी पडदा सरला आणि पहिल्याच ओळीत प्रमिलाबाईला कमलबाई दिसली. माहेरची शेजारीण. सोबत तिची सून, गावातल्या आणखी चार बाया, आणि त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली झुंबरबाई.

कमलबाईनं हात जोडले. "माय, मनी सूनले पोर व्हई का?"

"श्रद्धा ठेवा. होईल," प्रमिलाबाई म्हणाली. शिकवलेलं वाक्य आपोआप तोंडातून निघालं.

झुंबरबाईनं मान वर केली. रंगानं तोंड झाकलं होतं, आवाज कसा झाकणार? ती बायांमधून वाट काढत पुढे आली. खोक्याला लागून उभी राहिली.

"विचारा, आजी," वनाशेठ भोंग्यावर म्हणाला. "काही पण विचारा."

"जेवनी का व तू?" झुंबरबाईनं विचारलं.

वनाशेठनं काठीनं खोकं हळूच ठोकलं.

"मी फक्त दूध पिते," ती म्हणाली.

झुंबरबाईनं मान डोलावली आणि बायांबरोबर बाहेर गेली. गर्दी ओसरल्यावर प्रमिलाबाई तसंच रंगलेलं तोंड पदरात लपवून नदीपात्रात आईला शोधत फिरली. बाया ज्यातून आल्या होत्या तो गावाचा ट्रॅक्टर निघून गेला होता.

"मी आता बसणार नाही," तिनं संध्याकाळी वनाशेठला सांगितलं.

"पौर्णिमेपर्यंत बस. ऐन जत्रेत दुसरी कुठून आणू?"

ती बसली. आईनं बघून झाल्यावरही आपण पौर्णिमेपर्यंत बसलो, ही गोष्ट पुढे तिला सगळ्यात जास्त खात राहिली. मग ती जळगावला परतली आणि एका खानावळीत पोळ्या लाटू लागली. आईकडे जायचं धाडस काही तिला झालं नाही.

पुढच्या आखाजीला मात्र झुंबरबाईचा निरोप आला, पोरींना घेऊन ये. ती गेली. दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच कमलबाईनं हाताला धरून तिला आपल्या घरी नेलं. सुनेच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

"हाऊ पोऱ्या तिनाच परसाद शे," कमलबाई म्हणाली आणि तिनं देव्हाऱ्याकडे बोट केलं. देवांच्या ओळीत साप्ताहिकातला तो फोटो काच लावून ठेवला होता. हळदीकुंकवानं चेहरा दिसेनासा झाला होता. "तुनी माय बी व्हती संगे. ईचार तिले." तिनं कुंकवाचा करंडा पुढे केला. "लाव, तू बी लाव."

सून बाळाला थोपटत हसऱ्या तोंडानं बघत होती. प्रमिलाबाईनं बोट कुंकवात बुडवलं आणि स्वतःच्याच फोटोला लावलं. बाळाला हातात न घेताच ती बाहेर पडली.

घरी झुंबरबाई खापरावर पोळी टाकत होती. प्रमिलाबाई चुलीशी बसली.

"तू वळखं व्हतं ना माले?"

"मायले वळखू येत नही का?"

"मंग कोनले सांगं का नही?"

"काय सांगू? मनी पोर खोकामा बठेल शे, आसं?" झुंबरबाईनं पोळी उलटली. "गावन्या बठ्ठ्या बाया संगे व्हत्या. तुले हात धरीसन घर आनाले पाहिजे व्हतं. मी तोंड फिरायीसन ट्रॅक्टरमा बठनी. सालभर भाकर गोड लागनी नही माले."

प्रमिलाबाईला वाटत होतं, लाज काय ती आपल्या एकटीचीच. ती आईकडे बघत राहिली. झुंबरबाईनं मात्र तिच्याकडे बघितलं नाही, चुलीत लाकूड सारलं.

बाहेर निंबाच्या झोक्यावरून पोरींचा आवाज येत होता. प्रमिलाबाईनं परात ओढली आणि उरलेलं पीठ मळायला घेतलं.