उलटं बोट

माझ्या दादाला घाबरलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही, असं तो स्वतःच सांगतो. सांगताना पाय पसरून बसतो, बनियन वर करून पोट खाजवतो आणि बोलण्याच्या भरात समोरच्याच्या चहात थुंकीचे शिंतोडे उडवतो. तो वायरमन आहे. गल्लीत त्याला ‘वाघ’ म्हणतात, कारण लाइन चालू आहे की बंद, हे तो टेस्टर न लावता उलट्या बोटाने बघतो. तळहाताने तार धरली तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो. बोटाची पाठ टेकवली तर झटका बसून हात मागे उडतो. ही वायरमन लोकांची जुनी खोड. शहाण्यांनी ती केव्हाच सोडली. दादाने तिचा धर्म केला.

मी त्याच्याच घरी राहते, कपडे शिवते. शिलाई मशीनची मोटर अडली की आधी टेस्टर लावते. ते बघून तो खदाखदा हसायचा. “टेस्टर बायकांनी वापरायचा!”

एवढ्यावर थांबला असता तर मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. पण त्याने हे खूळ स्वतःच्या पोरीच्या गळ्यात बांधलं. वहिनी गेली तेव्हा भाची अगदी लहान होती. “बरं झालं, आईने हिला भित्री करून ठेवली असती,” असं हा माणूस दिवसकार्याला आलेल्यांसमोर बोलला. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा किळस आली आणि मग ती कधी गेलीच नाही.

आधी बॅटरीचा सेल जिभेला लावायला शिकवलं. मग दिव्याचा होल्डर. मग उघडी तार. झटका बसला की पोर पांढरीफटक पडायची आणि हा टाळ्या पिटायचा. “मेलीस का? नाही ना? मग कसली भीती?” घरी कुणी आलं की हाक ठरलेली. “ये गं वाघीण, दाखव काकांना!” पोर यायची, उघड्या बोर्डातल्या तारेला उलटं बोट टेकवायची, हात फटकन मागे उडायचा, काका ‘वा वा’ करायचे आणि चहात बिस्कीट बुडवायचे. एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की पुरे कर. मला त्या बिस्किटांचासुद्धा तिटकारा आला होता.

एकदा बोट चांगलंच भाजलं. करपलेल्या कातडीचा वास दोन खोल्यांत भरला. मी मलम लावत होते आणि दादा दारात उभा राहून दात कोरत होता.

“दादा, एक दिवस पोर हातची जाईल,” मी म्हटलं.

“तू आत्या आहेस, बाप नाहीस. धोका पत्करायला बापच शिकवतो.”

तो गेल्यावर पोर हळूच म्हणाली, “आत्या, बाबांना काहीच होत नाही गं. चेहरासुद्धा हलत नाही त्यांचा. मलाच एवढं का दुखतं? मीच कमी पडते.”

 मी तिच्या बोटावर मलमाचा आणखी एक थर दिला आणि डबी बंद केली.

कॉलेज संपलं आणि ती त्याच्याबरोबर कामाला जाऊ लागली. रोज संध्याकाळी तिची चप्पल दारात वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

एका दुपारी दोघं डबा विसरून गेले. काम लॉन्ड्रीत होतं, धुण्याचं मोठं मशीन अंगाला झटके देत होतं. मी डबा घेऊन मागच्या दाराने आत गेले. मागच्या खोलीत मेन स्विचपुढे दादा एकटाच होता, माझ्याकडे पाठ करून. त्याने स्विच खाली पाडून लाइन बंद केली. मग इकडेतिकडे बघितलं, पँट वर केली, मोज्यात बोट घातलं आणि टेस्टर बाहेर काढला.

एकेका तारेला लावून बघितला. पुन्हा लावून बघितला. शर्टाला पुसला. टेस्टर परत मोज्यात गेला, मग उलटं बोट तारेला टेकलं आणि हा वाघ बाहेर ऐकू जाईल असा ओरडला, “बंद आहे रे! वाघीण, तिकडं हात लाव!”

 इतकी वर्षं पोरीचं बोट जाळलं आणि स्वतः असा बंद तारेवर मर्दुमकी दाखवत आला! मी डबा टाकला, वाकून त्याच्या मोज्यातून तो घामट टेस्टर ओढला आणि पुढे धावले.

मशीनच्या बोर्डापुढे पोर ओल्या फरशीवर उभी होती. उलटं बोट तारेपासून वीतभरही लांब नव्हतं.

“हात मागे घे!” मी किंचाळले आणि टेस्टर तिच्या हातात कोंबला. “आधी हा लाव.”

तिने लावला. आतला दिवा लाल पेटला.

लॉन्ड्रीवाला कपाळाला हात लावून म्हणाला, “अरे देवा, या मशीनला शेजारच्या दुकानातून वेगळी लाइन घेतलीय. सांगायचं राहिलंच.” वाघाने विचारायची तसदी घेतली नव्हती. मागच्या तारा बंद निघाल्या, एवढ्यावर याने पोरीला हात लावायला सांगितलं होतं.

दादा दारात आला. त्याचा चेहरा हलताना तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला.

पोरीने टेस्टर उलटसुलट केला. दांडी वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. “बाबा, हा तुमचा?”

“ते... मोठं काम असलं की, कधीमधी...”

“पहिल्यापासून?”

“अगं, तुझी भीती जावी म्हणून...” त्याची ततपप सुरू झाली.

 बोटावरचा डाग ती ओढणीने पुसत राहिली, जणू तो पुसला जाणार होता. टेस्टर तिने स्वतःच्या खिशात ठेवला.

मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. कसली लाज! पुढच्याच आठवड्यात कामावरून आला, बूटही न काढता खुर्चीत पसरला, आलेल्या पाहुण्यांना लॉन्ड्रीतला पराक्रम सांगू लागला. त्यात मी नव्हते, टेस्टर तर नव्हताच. मग मान वळवून हाक मारली, “ये गं वाघीण, दाखव काकांना!”

पोर आतून आली. बोर्डाचं झाकण तिने स्वतः काढलं आणि बाजूला उभी राहिली.

“आज तुम्ही दाखवा, बाबा. लाइन चालू आहे. मी बघितलंय.”

पाहुणे हसले. “वाघाला आव्हान!” एकाने खुर्ची पुढे ओढली.

दादाने बोर्डाकडे पाहिलं, मग तिच्या खिशाकडे. “आज हात ओला आहे,” तो म्हणाला.

“माझाही असायचा, बाबा,” ती म्हणाली. “डोळे पुसून पुसून.”