सुरळी झालेलं पान

दुपारी शेतात गेले, तर ज्वारीच्या पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. शेंड्याच्या पोंग्यातलं, अजून न उलगडलेलं नवं पान वाढायचं थांबलं होतं. घरी येऊन दिराला म्हटलं, "भाऊजी, विहिरीत आहे तेवढं पाणी आजच ज्वारीला सोडा, नाहीतर कणसं भरायची नाहीत."

"काय वहिनी, सकाळीच बघून आलो. पानं कशी ताठ होती!"

सकाळच्या गारव्यात पानं ताठ होणारच. हा शेतात जातो ऊन चढायच्या आत आणि आजाऱ्याला भेटायला जातो तो उठून बसल्यावर. असल्यांना दुसऱ्याची दुपार कधी दिसतच नाही.

त्यानं पाणी सोडलं, पण उशिरा. त्यानंतरची वरची पानं रुंद आली. उन्हात अडलेली चिंचोळीच राहिली. कणसं निम्मी भरली. आता पारावर बसून सांगतो, "बियाणंच खराब निघालं."