त्याच्या पायाची रेघ कोणती

घरात काही जड पडलं का माझ्या पोराचा, सुधीरचा, हैद्राबादहून फोन यायचा. म्हणून त्या दुपारी पिठाचा डबा हातून सुटला अन् थोड्या वेळानं फोनवर त्याचं नाव आलं, तवा उचलल्या उचलल्याच मी म्हटलं, "काही नाही रे, डबा पडला." तिकडून दुसऱ्याच माणसाचा आवाज आला. सुधीर ऑफिसातच खुर्चीवर बसल्या बसल्या वारला म्हणे... मी त्या माणसाले पुन्हा तेच सांगितलं, डबा पडला म्हणून. कावून सांगितलं, अजून समजत नाही.

आम्ही भंडाऱ्याकडचे. मालक इकडं लोखंडाच्या प्लांटात ठेकेदाराकडे होते, टीबीनं गेले तवा सुधीर सातवीत होता. मी सेक्टरमधल्या सायबायच्या क्वार्टरात पोळ्या लाटल्या, त्याच्यावर तो शिकला. रडाले फुरसत नव्हती, सवयही राहिली नाही. तो जमिनीच्या पोटातलं शिकला, भूकंपाचं. एकदा समुद्र गावात घुसला होता, तिकडं जाऊन आला अन् दोन दिवस जेवला नाही. मी समुद्र पाहिला नाही. मी पुसलं, एवढं शिकून आधी सांगता येत नाही का? तो म्हणे, "भूकंप कवा होईन ते नाही सांगता येत, आई. तो झाला का पाणी किनाऱ्याले पोचाच्या आधी सांगता येते. तेवढ्या वेळातच लोकायले पळवाचं." मंग पाण्याकडं पाहाचं सोडून हा जमिनीकडं पाहून राहते, हे मले काही जुळलं नाही. मी हाव म्हटलं.

चार वर्साआधी त्यानं कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत फरशी खोदून एक मशीन बसवली. ट्रायलची होती. इथं प्लांट चालते, मालगाड्या चालतात, त्या धडधडीतून खरा भूकंप कसा वेगळा काढाचा ते त्याले पाहाचं होतं. जमीन हालली का तिकडं त्याच्या कॉम्प्युटरवर रेघ निघे.

मले काय माहीत. विश्वकर्मा पूजेले आमच्यात घरातल्या सगळ्या मशिनी पुसून हळद-कुंकू लावतात, शिलाई मशीनही नाही सुटत. मी याही मशीनले फूल वाहिलं अन् तिच्याजवळच फरशीवर नारळ फोडला. पटकन फोन.

"आई, काय फोडलं?"

"नारळ. आज पूजा नाही का."

तो हासाले लागला. "इथं पोट्टे धावत आले ना माझ्या टेबलापाशी. आता प्रसाद पाठव सगळ्यायले." मले वाटलं रागावन. पण मशीन तिथंच राहू दिली, अन् तवापासून काही पडलं का फोन करे.

तेरवी झाली. मंग काही दिवसानं त्याच्या ऑफिसातली एक पोरगी मशीन न्याले आली, अकोल्याकडची, बोलाले चांगली. मी चहा केला, पण खोलीची कडी काढली नाही. दिवाळीले तो याच खोलीत फोनवर बोलत अनवाणी येरझाऱ्या घाले. म्हणून मी तिले पुसलं, "जमीन हालते ते सगळं लिहिते ना ही? मंग त्याचं चालनंही असन."

ती म्हणे, "असेल आजी. पण माणसांच्या चालण्याचा आम्हाला उपयोग नसतो, ते आम्ही गाळून टाकतो." मंग कप खाली ठेवून म्हणे, "या मशीनचं सरांनी काहीच गाळू दिलं नाही. का, ते विचारलं नाही कोणी."

तिनं लॅपटॉप उघडला, दिवाळीच्या रेघा काढल्या. बारीक बारीक, सारख्याच. मी म्हटलं, याच्यातली त्याची कोणती? तिनं लय वेळ पाहिलं. "तुम्हीपण चालत असाल ना घरात... वेगळं नाही करता येत, आजी."

मी पुसलं, मशीन नेली तर हे मिटून जाईन का? नाही म्हणे, हे तिकडं जपलेलं राहीन, मशीन दुसऱ्या जागी कामाले येईन. मी उठून कडी काढली. बरं केलं का वाईट, मले माहीत नाही. तो असता तर पुसलं असतं.

आता तिथं फरशीत खड्डा आहे. मिस्त्री दोनदा येऊन गेला, बुजवतो म्हणे. मी म्हटलं, राहू दे. शेजारीण येते, तिलेही सांगते, हळू चाल ओ बाई. "कावून?" म्हणते ती. रेघात रेघ मिसळू नये म्हणून मीही पाय न वाजवता चहा ठेवाले जाते.