भाऊजी खासदार कसे झाले

माझे धाकटे दीर नगरसेवक म्हणून पहिल्यांदा निवडून आले तेव्हा आम्ही दुबईतल्या बर दुबई भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. निकालाचा फोन आला आणि नवऱ्याने खालच्या मिठाईवाल्याकडून दोन किलो पेढे आणून मजल्यावर सगळ्यांना वाटले. शेजारच्या पाकिस्तानी बाईंनी मला विचारलं, "बेटा हुआ किसी को?" मी म्हटलं, "देवर जीता है, म्युनिसिपालिटी में." त्यांनी पेढा घेतला, पण एवढ्याशा गोष्टीसाठी हे लोक पेढे का वाटतात ते त्यांना कळलं नसावं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा हसूच आलं होतं. कोकणातल्या एका लहानशा शहराचा एक वॉर्ड, तीन गटारं, एक मच्छीबाजार.

पण भाऊजी माणूस म्हणून वाईट नव्हते. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात ते चौदा दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपले. वॉर्डातल्या कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीचं जमत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ असे. आम्ही दुबईत असल्याचाही त्यांनी उपयोग करून घेतला. मी शारजाच्या औद्योगिक भागात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सेक्रेटरी होते. भाऊजी वॉर्डातल्या मुलांची सर्टिफिकेटं पाठवायचे, मी ती मॅनेजरच्या टेबलावर ठेवायची, आणि वर्षा-दोन वर्षांत आमच्या शेडमध्ये सासरच्या गावचे आठ जण झाले. तिकडे भाऊजींनी पोरांना परदेशी लावलं असं झालं. इकडे ती आठही माणसं मला वहिनी म्हणू लागली.

त्यातला एक वेल्डर होता. तिशीचा, कमी बोलणारा. ऑफिसात यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुऊन यायचा आणि तरीही खुर्चीवर बसायचा नाही, डाग पडेल म्हणून. सुट्टीवरून येताना माझ्यासाठी आठवणीने आमसुलं आणायचा.

एका शनिवारी सकाळी क्रेनची साखळी सुटली आणि लोखंडी बीम त्याच्या अंगावर आला. आवाज मला ऑफिसात ऐकू आला. थोड्या वेळाने मॅनेजर आत आला, दार लावून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तो तुझ्या गावचा ना? घरी तूच कळव."

त्याच्या घरी फोन नव्हता. मी भाऊजींना फोन केला. ते स्वतः चालत त्या घरी गेले, आईला आणि बायकोला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. ते काम त्यांच्याइतकं नीट कोणी केलं नसतं.

मग कागदपत्रं सुरू झाली. सरकारी कचेऱ्यांत फिरून कंपनीची कामं करणाऱ्याला तिकडे मंदूब म्हणतात. आमचा मंदूब केरळचा होता, भला माणूस. तो आणि मी पोलीस, हॉस्पिटल, वकिलात असे फिरत राहिलो. वकिलातीतल्या बाबूंनी तर आम्हाला रांगेत उभं न करता लगेच आत घेतलं. वेल्डरच्या बायकोचं संमतिपत्र भाऊजींनी फॅक्सने पाठवलं. मंगळवारी दुपारी सगळे शिक्के मिळाले आणि त्याच दिवशीच्या विमानात जागाही मिळाली. बुधवारी सकाळी मुंबई, दिवस मावळायच्या आत घर.

दोन वाजता भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, बुकिंग झालं?"

"झालं. उद्या पोचेल."

ते म्हणाले, "रविवारी पोचेल असं करता येईल का?"

मला वाटलं, फोन नीट ऐकू येत नाही. मी पुन्हा विचारलं.

"रविवारी साहेब येतायत," ते म्हणाले. साहेब म्हणजे त्यांच्या पक्षाचे मुंबईचे मोठे नेते. "पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आहे. त्यांनी स्वतः अंत्ययात्रेला यायचं कबूल केलंय. साहेबांचा हात पाठीवर पडला तर त्या घराचं कल्याण होईल, वहिनी."

"आणि घरच्यांना काय सांगणार?"

"ते मी बघतो. तिकडचे कागद अडलेत म्हणून सांगतो."

"भाऊजी, त्यांच्या घरी चूलसुद्धा पेटली नसेल."

"शेजारचे डबे देतायत. मी स्वतः लक्ष ठेवून आहे."

मी नवऱ्याला त्याच्या ऑफिसात फोन लावला. वाटलं, तो तरी नाही म्हणेल. तो म्हणाला, "चार दिवसांनी काय फरक पडतो? गेलेला माणूस काही परत येणार नाही. तो आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे काही मागतोय."

पहिल्यांदा नव्हे, पण मी वाद घातला नाही. विमान कंपनीच्या कार्गो ऑफिसला पत्र टाइप केलं. कागदपत्रं अपूर्ण असल्याने पाठवणी शनिवारपर्यंत पुढे ढकलावी. मॅनेजर सहीचे कागद माझ्यावरच सोडायचा, त्यामुळे खाली सही माझी. मंदूब फाइल हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, पेपर तो खलास है."

"इंडिया से एक और आना है," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फाइल कपाटात ठेवली.

गुरुवारी तो सांगत आला की शवागारातला माणूस विचारतोय, तुमच्या माणसाला का नेत नाही. मी म्हटलं, सांग त्याला, इन्शाल्ला शनिवारी. शुक्रवारी सुट्टी होती. आम्ही मीना बाजारात गेलो आणि मुलीला वाढदिवसाचा फ्रॉक घेतला. तिला दोन पसंत पडले म्हणून दोन्ही घेतले.

पंधरा दिवसांनी पोस्टाने वर्तमानपत्राचं कात्रण आलं. शवपेटीवर हात ठेवून उभे असलेले साहेब, आणि पेटीला पुढून खांदा दिलेले भाऊजी. भाऊजींचे डोळे सुजलेले होते. ते खरंच रडले होते, याबद्दल मला आजही शंका नाही. खाली लिहिलं होतं की आठ दिवस परदेशी सरकारशी झगडून एका नगरसेवकाने गरिबाचा मुलगा घरी आणला. नवऱ्याने ते कात्रण फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

त्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा मी त्या घरी जाऊन आले. त्याच्या बायकोने चहा ठेवला. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"शनिवारी गेला माझा मुलगा. पुढच्या रविवारपर्यंत होता कुठे?"

"कागद असतात, मावशी. तिकडचे नियम."

"थंडीत ठेवतात म्हणे."

"हो."

"त्याला थंडी सोसायची नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून."

मी चहा अर्धा ठेवून उठले. निघताना त्याची बायको दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून निदान आला तरी."

साहेबांना भाऊजी लक्षात राहिले. वर्षभरात ते नगराध्यक्ष झाले. मग लोकसभेला पक्षाने आधीच्या उमेदवाराला बाजूला काढलं, तेव्हा दोन बड्या लोकांच्या भांडणात तिसरं, भाऊजींचं नाव पुढे आलं. प्रचारात त्या वेल्डरची बायको प्रत्येक सभेत स्टेजवर बसलेली असायची. तिला बोलायला लावत नसत. भाऊजी तिच्याकडे हात करून गोष्ट सांगत आणि ती पदर सावरत मान खाली घाली. माझा नवरा महिन्याची रजा घेऊन गेला होता. त्यानेच मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. भाऊजी चांगल्या मतांनी निवडून आले. या वेळी पेढे पाच किलो आणले.

खासदार झाल्यावर ते दुबईत आले, तेव्हा मराठी मंडळींनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. पुढे डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले मॅनेजर आणि त्यांच्या बायका. मागच्या रांगांत शारजाच्या कॅम्पांतून बसने आणलेले कामगार, कामाचे कपडे बदलून, केसांना पाणी लावून आलेले. भाऊजींनी भाषणात तीच गोष्ट सांगितली. आता तिच्यात आठ दिवस ते झोपले नव्हते. दिल्लीला फोन लावत होते. इथल्या अधिकाऱ्याला त्यांनी सुनावलं होतं की आमच्या माणसाच्या देहाला किंमत आहे.

मग ते म्हणाले, "या लढ्याची साक्षीदार याच सभागृहात बसली आहे. माझी वहिनी. वहिनी, जरा उभ्या राहा."

मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. मी नमस्कार केला आणि बसले. एवढं सोपं होतं ते.

जेवणाच्या वेळी त्या वेल्डरचा धाकटा भाऊ माझ्याजवळ आला. अपघातानंतर वर्षाने भाऊजींनी त्याचेही कागद पाठवले होते, आणि मी त्याला त्याच शेडमध्ये, त्याच्या भावाच्या जागी लावलं होतं. आता तो सव्वीस-सत्तावीसचा होता. हातात रिकामी प्लेट घेऊन तो म्हणाला, "वहिनी, ती फाइल मी वाचली आहे."

"कुठली?"

"भावाची. जुने कागद आवरायला तुम्हीच मला स्टोअरमध्ये पाठवलं होतंत. मंगळवारचे शिक्के आहेत सगळे. आणि पुढे ढकलल्याचं तुमचं पत्र."

मी विचारलं, "कधी वाचलीस?"

"दोन वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाशी?" तो अगदी साधेपणाने म्हणाला. "माझा व्हिसा तुमच्या हातातून आला. घरात शिलाई मशीन आहे ते खासदारांनी दिलेलं. आई त्यांच्या फोटोला रोज फूल वाहते. तिला मी काय सांगू?" मग त्याने भाताच्या रांगेकडे पाहिलं. "जेवून घेतो. बस सुटेल."

घरी परतताना गाडीत मुलीने विचारलं, "डॅडी, इज काका अ हिरो?" नवरा म्हणाला, "ऑफ कोर्स, बेटा." भाऊजी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. ते हसले.

त्या आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं की यापुढे मी असलं काही करणार नाही. तो म्हणाला, "असलं म्हणजे कसलं?" त्याला खरंच आठवत नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी आमच्याकडचा एक रंगारी कॅम्पात झोपेतच गेला. भाऊजींच्या मतदारसंघातला, पण शहरापासून फार आत, डोंगरातल्या एका वाडीचा. मी नेहमीप्रमाणे कागदांच्या मागे लागले. तिसऱ्या दिवशी भाऊजींच्या पी.ए.चा फोन आला. आता साहेब म्हणजे भाऊजीच. "मॅडम, साहेबांचा दौरा आहे. बॉडी कधी काढायची ते आम्हाला विचारून ठरवा."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि मंदूबला सांगितलं, "आज ही भेजना है. यल्ला, जल्दी." त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, त्यालाही जुनं आठवलं असावं. त्या संध्याकाळच्या विमानाने पेटी गेली. वाडीत फोन नव्हता. खालच्या एस.टी. थांब्यावर एक दुकान होतं, तिथे मी निरोप ठेवला, दोनदा वाचून घेतला. घरी आल्यावर बऱ्याच वर्षांनी मी पोटभर जेवले.

निरोप वाडीत दुसऱ्या दिवशी पोचला. त्याचा म्हातारा बाप आणि चुलता दोन एस.टी. बदलून मुंबईला निघाले. दोघांनी विमानतळ कधी पाहिला नव्हता. प्रवाशांच्या दाराशी ते अर्धा दिवस उभे राहिले. पेटी कार्गोच्या शेडमध्ये येते हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि मलाही ते सांगायचं सुचलं नव्हतं. शेड सापडली तेव्हा पेटी ताब्यात घ्यायला लागणारा, बापाच्या नावाचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. अॅम्ब्युलन्सवाला इतक्या लांब डोंगरात यायला तयार होईना. मे महिना होता. पेटी तिथे तीन दिवस पडून राहिली. शेवटी कोणीतरी म्हाताऱ्याला खासदारांच्या मुंबईच्या ऑफिसात नेलं, आणि तिथून अर्ध्या तासात सगळं झालं. गाडी आली, कागद झाले, बरोबर दोन कार्यकर्ते गेले. वाडीत पेटी उघडता आली नाही. आईला तोंड बघायला मिळालं नाही.

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीने उचलला. त्यांचा आवाज मऊ होता.

"वहिनी, आधी कळवलं असतं तर विमानतळावर गाडी उभी असती."

"हो."

"माझी माणसं हे काम रोज करतात. तुम्हाला तिथे बसून कसं जमणार?"

"हो, भाऊजी."

"मनाला लावून घेऊ नका. तुमचा हेतू वाईट नव्हता, मला ठाऊक आहे."

ते दुसऱ्यांदाही निवडून आले. आम्ही पुढे अबू धाबीला गेलो, पण त्याआधीची चार वर्षं मी त्याच टेबलावर होते. त्या काळात आमच्या कंपनीतून अजून काही पेट्या त्यांच्या मतदारसंघात गेल्या. शिक्के पूर्ण झाले की मी फाइल बंद करायची आणि पी.ए.ला स्वतः फोन लावायची.

"साहेबांना कोणता दिवस सोयीचा आहे?" मी विचारायची, आणि तो सांगेल तो दिवस पेन्सिलने फाइलवर लिहायची.