पोत्यांचे कान

धुकं हटलं तशा ठिपकेबाईंनी ड्रॉपरच्या बाटल्या खळखळून धुतल्या, पालथ्या घातल्या आणि कपाटातून पुरावा म्हणून सील करून ठेवलेली तीन रिकामी पोती काढली. भिजलेल्या मालावर सिल्व्हर नायट्रेटचा ठिपका टाकायचा. दुधाळ झाला तर समुद्राचं पाणी, नितळ राहिला तर गोडं. बंदरावर वीस वर्षं हेच काम, म्हणून हे नाव.

आज लवादापुढे साक्ष होती. जहाज एका देशाचं, तांदूळ दुसऱ्या देशाचा आणि भांडण इथं, दोन्ही बाजूंनी कोर्टाऐवजी नेमलेल्या तीन पंचांसमोर. बाईंच्या अहवालात होतं, खारं पाणी. म्हणजे कप्तानानं जहाजाच्या कोठारावरची झाकणं नीट लावली नव्हती. तसंच ठरलं तर त्याला पुन्हा जहाज कोण देतंय!

"बाई, झाकणं मी स्वतः उभं राहून आवळून घेतलीत हो," कप्तान काकुळतीला आला. "एकदा सगळ्यांदेखत ठिपका टाका."

"एकदा काय, शंभरदा टाकते!"

पहिल्या पोत्याच्या कानावर, म्हणजे शिवलेल्या कोपऱ्यावर, ठिपका पडला. दुधाळ. दुसऱ्याच्या कानावरही दुधाळ. थोरले पंच म्हणाले, "कानच का धरताय सारखे? आधी शाळेत मास्तरीण होता की काय?"

"थप्पीत कानच तेवढे बाहेर डोकावतात, साहेब. म्हणून मी..."

बाई मध्येच थांबल्या. हमालही पोतं कानालाच धरून उचलतात. माल तपासला त्या दिवशी भर दुपार होती, सगळे घामानं निथळत होते. आणि घामही खाराच की.

त्यांनी पोती पसरली, मधल्या डागांवर ठिपके टाकले. नितळ. तिन्हींवर नितळ. त्यांना साक्षीला बोलावणारा तांदूळवाल्यांचा वकील जोरात खाकरला. बाईंनी ड्रॉपर खाली ठेवला.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "समुद्र म्हणून मी हमालांचा घाम तपासला. डाग पोत्याच्या आतल्या बाजूनं आलेत, म्हणजे माल कोठारात कोंडलेल्या वाफेनं ओला झालाय. झाकणं पक्की होती."

थोरले पंच असे हसले की टेबलावरचा ग्लास कलंडला. वकिलानं झाकणांचा आरोप तिथंच मागे घेतला. कप्तानानं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"सोडा हो, घामेजलाय हात तुमचा," बाई म्हणाल्या. "आता लगेच कळतं मला."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं घामच तपासत होतीस?"

"एकदाच हो, आई!"

"कबूल केलंस ते बरं केलंस. नाहीतर रात्रभर कूस बदलत मलाही जागवलं असतंस. बस, हे मटार सोल. किडके वेगळे काढ."

बाईंनी परात पुढ्यात ओढली.