वीसपैकी वीस

नियोजन कचेरीत तिला सगळे रंगारीण म्हणायचे. हुद्दा आरेखकाचा, पण नकाशाच्या कुठल्या भागाला कुठला रंग द्यायचा हे काम वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं, म्हणून हे नाव पडलं. तिला त्याचं काही वाटत नसे. आईवडील ती लहान असतानाच गेले, मामानं वाढवलं, आणि त्या घरात सरळ नावानं कुणी कुणाला हाक मारतच नसे. मामी तर मामाला ‘नळ’ म्हणायची. शेजारणीला सांगायची, “आमचा नळ अजून आला नाही, आला की जेवू.”

मामा पाणीपुरवठ्यात होता. गावामागच्या डोंगरावरून खालच्या टाकीपर्यंत येणारा मोठा पाइप त्यानं एकतीस वर्षं पायी तपासला. हातात एक लोखंडी कांब असायची. तिचं एक टोक पाइपवर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा, आणि जमिनीखाली कुठे गळतंय ते सांगायचा. निवृत्त झाल्यावर कांब त्यानं घरी आणली आणि दाराआड ठेवली. मामी म्हणाली, “सरकारनं माणूस परत दिला, सोबत गजही दिला.”

डोंगरावर हवा खायला येणारे लोक वाढले, तशी हॉटेलवाल्यांची नजर तिकडे गेली. वरून हुकूम आला की आधी नकाशा करा: कुठे बांधू द्यायचं, कुठे नुसती वाट चालेल आणि कुठे वीटसुद्धा ठेवायची नाही. सगळ्या डोंगराचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला वनस्पती, माती, पाणी आणि पशुपक्षी या चार गोष्टींचे पाच-पाच गुण. चौकोन जितका नाजूक तितके गुण जास्त. आठाच्या आत असेल तर फिका पिवळा, बांधकामाला मोकळा. आठ ते पंधरा नारिंगी, तिथे नुसती वाट. पंधराच्या वर गडद लाल, तिथे हात लावायचा नाही.

पाहणीचे कागद रंगारणीच्या टेबलावर आले. डोंगरमाथ्यावरच्या एका चौकोनाला सहा गुण होते. शेरा होता, ‘सपाट, गवताळ’. पाहणीवाले कोरड्या दिवसांत गेले होते आणि त्यांनी तो रस्त्यावरूनच पाहिला होता. नेमक्या त्याच सपाटीसाठी एका हॉटेलचा अर्ज पडलेला होता. तिचा हात थांबला. लहानपणी मामा सांगायचा, वर एक जागा आहे, तिथे डोंगर पाणी पितो. कुठे ते मात्र त्यानं कधी दाखवलं नव्हतं.

ती संध्याकाळी मामाकडे गेली.

“ती जागा माथ्यावरच्या सपाटीत आहे का?”

“असेल.”

“मामा, तिथे हॉटेल होणार आहे. मला दाखव. मी कागदावर घालते.”

“कागदावर नको घालूस. भिंतीला कान असतात तसे कागदाला पाय असतात. कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.”

“आणि कागदावर नसलं तर ती जागा नाहीच असं धरतात.”

मामी आतून म्हणाली, “दोघंही बरोबर बोलताय, आता जेवायला बसा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच तिच्या दाराशी आला. पायात जुने बूट, खांद्यावर दोन रुंद फळ्या आणि हातात ती कांब.

माथ्यावर रस्ता सोडून अर्धा तास चालल्यावर त्यानं तिला थांबवलं. पुढे गवत होतं, पण जमीन जमिनीसारखी नव्हती. शेवाळाचा जाड थर, दाबला की पाणी वर यायचं. एका फळीवर उभं राहायचं, दुसरी पुढे टाकायची, असं ते चालले. गवताच्या झुबक्यांत मुठीएवढी घरटी होती. एका ठिकाणी मामानं बोट दाखवलं. शेवाळात बुटाचा ठसा होता, कालच उमटल्यासारखा.

“हा माझा. फळी नव्हती आणली तेव्हाचा. अकरा वर्षं झाली.”

मग त्यानं कांब टेकवून तिच्या कानाला लावली. खोल आत पाणी हळूहळू सरकत होतं. डोंगरपायथ्याच्या गल्लीतल्या झऱ्याला इथूनच पाणी जातं, तो म्हणाला.

ती पाहणीवाल्यांना घेऊन परत गेली, फळ्यांसकट. त्यांनी पुन्हा गुण दिले आणि बेरीज वीस झाली. साहेब म्हणाले, “रंगारीण, वीसपैकी वीस परीक्षेतसुद्धा कुणी देत नाही.” पण सही केली. तिनं त्या चौकोनात सर्वांत गडद लाल भरला. हॉटेलचा अर्ज नामंजूर झाला. ती धावत मामाला सांगायला गेली, तर तो एवढंच म्हणाला, “बघू.”

वरच्या मजल्यावर पर्यटन विभाग होता. त्यांनी नकाशा मागितला, तसा तिनं दिला. मागेल त्याला नकाशा द्यायचा हेच तिचं काम. चार महिन्यांनी त्यांची रंगीत पुस्तिका निघाली. मधल्या पानावर तिचाच नकाशा होता आणि गडद लाल चौकोनावर बाण. खाली लिहिलं होतं, ‘डोंगरावरची सर्वांत दुर्मीळ जागा’.

ती जिना चढून वर गेली. विभागप्रमुख बाई स्वभावानं चांगल्या होत्या, त्यांनी तिला खुर्ची दिली.

“अहो, पण तुमच्याच नकाशात ती सर्वांत मोलाची आहे ना? आणि बंदी बांधकामाला आहे. बघायला कुठे आहे?”

पुस्तिकेच्या वीस हजार प्रती वाटून झाल्या होत्या.

लोक आले. वाईट लोक नव्हते. मुलाबाळांना घेऊन आले, शेवाळावर चालले, पाय दाबला की पाणी येतं याची मजा वाटून पुन्हा दाबत राहिले. मामा दर रविवारी फळ्या घेऊन वर जायचा. म्हणायचा, यावर उभे राहा, इथूनच बघा. कुणी ऐकायचे, कुणी हसायचे. एका कुटुंबानं त्याच्या हातात फोन दिला आणि फोटो काढायला सांगितला. तो काढून मामा घरी आला आणि परत वर गेलाच नाही.

“चांगली माणसं होती गं,” तो तिला म्हणाला. “भांडावं कुणाशी?”

दुसऱ्या उन्हाळ्यात पायथ्याच्या झऱ्याला गढूळ पाणी आलं, मग धार बारीक झाली, मग झरा उरलाच नाही. तेव्हा एकदाच मामा तिला घेऊन माथ्यावर गेला. फळ्यांची गरज उरली नव्हती, जमीन टणक झाली होती. त्यानं कांब टेकवली, बराच वेळ कान लावून बसला आणि म्हणाला, “काही ऐकू येत नाही. कान गेले वाटतं माझे.”

मामीनं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतके चांगले कान क्वचित असतात.

त्यानंतर तो फारसा घराबाहेर पडला नाही. थंडीत अंथरूण धरलं. एका दुपारी ती उशाशी बसली होती.

“मामा, मी चुकले. तू नको म्हणत होतास.”

“नसतं दाखवलं तर हॉटेल झालं असतं.”

“मग दोष माझा नसता.”

“माझा असता. लपवून ठेवलं म्हणून.” तो तिच्याकडे वळला. “तुझी बेरीज बरोबर होती, बाळ.”

आठवड्याभरानं तो गेला.

पाच वर्षांनी नकाशा नव्यानं करायचा हुकूम आला. पाहणीचे कागद तिच्याकडे आले. माथ्यावरच्या त्या चौकोनाचे गुण पाहणीवाल्यांनी मोकळे सोडले होते. तुम्हाला जागा माहीत आहे, तुम्हीच भरा, म्हणाले. ती एकटी जाऊन पाहून आली. पाणी शून्य, पशुपक्षी एक, माती एक, वनस्पती दोन. मोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

साडेतीन तास तो कागद तिच्यासमोर पडून होता. नऊ लिहिले असते तर कुणी विचारलं नसतं, आणि हॉटेलला पुन्हा नकार गेला असता. पण डोंगरावर अजून अकरा चौकोन लाल होते. एक गुण खोटा निघाला, तर त्या अकरांवर कोण विश्वास ठेवणार? तिनं चार लिहिले आणि फिका पिवळा भरला.

त्याच दिवशी ती साहेबांकडे गेली. बाहेर द्यायच्या प्रतीत उरलेल्या अकरा जागा नेमक्या दाखवू नका, त्यांच्याभोवती एकच मोठा लाल पट्टा ठेवा, असं तिनं सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं. तिनं माथ्याचे जुने आणि नवे गुण शेजारी शेजारी ठेवले. ते बघून त्यांनी पट्ट्याला मंजुरी दिली. एवढं एक झालं. हॉटेलला मात्र परवानगी मिळाली आणि वर्षात पाया खणला गेला.

मामी आता एकटी असते. रंगारीण दर रविवारी तिच्याकडे जाते. मामाचा विषय दोघी काढत नाहीत. एकदा मात्र ताट वाढता वाढता मामी म्हणाली, “तो तुझ्यावर कधी रागावला नव्हता. मी रागावले होते.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“माहीत होतं तर येत कशाला होतीस?”

मामीनं तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि समोर बसली. तिचं जेवण होईपर्यंत मामी तशीच बसून राहिली.